कापसाची काडी

सोहारच्या इस्पितळात माझ्या बिल्ल्यावरचं
माझंच नाव मला परकं वाटतं.
हिरा गवळी. अरबी लिपीत ग नाही, ळ तर नाहीच;
उरलं ते सोळा वर्षं छातीवर लावते आहे.

रात्री सव्वादोनला झुवेना आली.
पाणमोट फुटलेली, कळा अजून लांब.
मागून सासू, अबायाला लोबानाचा वास,
एका हातात खजुरांचा डबा, दुसऱ्या हातात थर्मास.

मी आधी कार्ड उघडलं.
छत्तिसाव्या आठवड्यात फिरवलेली कापसाची काडी,
आणि तिच्या नावापुढे लॅबने लाल शाईत
काढलेलं अधिक चिन्ह.
एवढंसं. बेरजेचं.

"पण मला ताप नाही, खाज नाही, काहीच नाही,"
मग सासूकडे पाठ करून, अगदी हळू,
"मी घाण आहे का, सिस्टर?"

नाही गं बाई.
माझ्या मोडक्या अरबीत मी सांगते ते असं:
कितीतरी बायकांच्या अंगात हा जंतू राहतो
भाडं न देता, भांडण न करता.
आज असतो, पुढच्या खेपेला नसतोही.
काचेखाली पाहिला तर मण्यांची माळ, नाजूक,
कुणी हौसेने ओवल्यासारखी.
तुझं त्याच्याशी जमलेलं आहे.
पण बाळ येणार ते त्याच्याच दारावरून,
आणि बाळाला अजून भांडता येत नाही.
बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याला होतं.
कुठल्या, ते आधी कळत नाही.

कुठल्या औषधाने कधी अंगावर गांधी उठल्या होत्या?
नाही. सासूलाही विचारलं. नाही.
मग शीर शोधली, डाव्या मनगटाच्या वर.
पेनिसिलिन, पन्नास लाख युनिट.
(एवढ्यात मिरजेला फ्लॅट येतो,
हे मला दर वेळी आठवतं आणि दर वेळी लाज वाटते.)
थेंब. थेंब. दोन वाजून बावन्न मिनिटं. लिहिलं.

आता चार तास मिळाले तर बरं.
पण कळांना घड्याळ कोण दाखवणार?

माझ्या आईने पाचवीसाठी कोरा कागद आणून ठेवला होता.
सटवाई येईल, बाळाच्या कपाळी लिहून जाईल.
माझा भाऊ दुसऱ्याच दिवशी कण्हायला लागला,
दूध सुटलं, पाय गार, श्वास भराभर.
पाचवी उजाडलीच नाही.
कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं बाहेरचं,
कुणी आईलाच म्हणालं.
त्या कागदावर पुढे मी पाढे लिहिले.
बे चोक आठपर्यंत मावले.
त्याला नेमकं काय झालं होतं, मला माहीत नाही.
काडी कुणी फिरवलीच नव्हती.

सहा एकतीसला मुलगी झाली.
एकवीस मिनिटं कमी पडली.
डॉक्टर इल्हाम घड्याळाकडे बघून एवढंच म्हणाल्या,
"नजर ठेवा. दोन दिवस."

खिडकीबाहेर मासेमारीच्या होड्या परतत होत्या,
समुद्रावर दमट पांढरा उजेड, नुसता वाफेचा.
सासूने मला खजूर दिला, बी काढून.
मी तो उभ्यानेच खाल्ला, हात धुतले,
पुन्हा धुतले.

ताप. रंग. दूध ओढते का. कण्हते का.
दर वेळी एक ओळ, दर वेळी वेळ घालून.
सटवाईला यायला अजून तीन रात्री होत्या,
तोवर लिहिणं माझ्याकडे.

दुसऱ्या संध्याकाळी बोट टेकवून श्वास मोजत होते,
छातीचा तो चिमणीएवढा भाता,
एकेचाळीस, बेचाळीस,
सासू माझ्याबरोबर ओठातल्या ओठात मोजते आहे,
त्रेचाळीस,
आणि पोरीने दुधासाठी असा काही भोकाड पसरला
की दोघींची मोजणी चुकली.

पुन्हा एकपासून.